रमिला रांग सोडत नाही

सकाळी आमच्या शाळेची प्रार्थना सुरू झाली की दहावीच्या मुलींच्या रांगेच्या अगदी शेवटी एक बाई उभी असते. वय पंचेचाळीसच्या पुढे, साडी घोट्याच्या बरीच वर आवरून नेसलेली, केसांना चोपून लावलेलं खोबरेल, पायांत काही नाही. पी.टी.च्या टीचरनी “हात पुढे!” म्हटलं की तीही दोन्ही हात सरळ पुढे करते आणि समोरच्या मुलीच्या खांद्यापर्यंतचं अंतर बघते. कमी वाटलं तर मुलीला पुढे ढकलत नाही, स्वतः मागे सरकते. “विश्राम” म्हटल्यावर हात पाठीशी बांधते. प्रार्थना म्हणते, प्रतिज्ञा म्हणते, राष्ट्रगीत सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणते. मग मुली वर्गात जातात आणि ती कामाला लागते.

ती रमिला. ईशान, तारा, तुमच्या बाबांनी मला जुलैचं तिकीट पाठवलं आणि मी ते परत करायला लावलं, त्याचं कारण ही बाई आहे. फोनवर सांगायला गेले तर तुमचे बाबा दर वाक्याला “पण आई” म्हणतात. म्हणून लिहून पाठवते आहे. कागदावर कोणी मध्ये बोलत नाही.

मी डहाणूच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, तुमचे आजोबा गेले, आणि घरातले सगळे डबे लेबलं लावून संपले, तेव्हा तलासरीच्या रस्त्यावरच्या सिस्टरांच्या शाळेतून विचारणा आली. टेकडीच्या पोटाशी असलेली ही मुलींची शाळा. शेजारी वसतिगृह, मागे विहीर, पुढे मैदान. लायब्ररीची कपाटं लावून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी माझी कात्री, माझा डिंक आणि माझी शाई घेऊन पहिल्याच सोमवारी निघाले. डहाणूचा जीपवाला गाडी भरल्याशिवाय हलत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पोचले तेव्हा राष्ट्रगीत संपत होतं.

फाटकाशीच एका बाईने मला अडवलं. “टीचर, प्रार्थनेला उशीर नाय चालत.”

माझ्या सबंध नोकरीत मला उशिरा आल्याबद्दल कोणी बोललेलं नव्हतं. मी जरा ताठच विचारलं, “आपण इथल्या शिक्षिका का?”

“नाय.”

“मग माजी विद्यार्थिनी?”

“माजी कशाला?” ती म्हणाली. “मी अजून सुटली नाय.”

तेव्हापासून मी कायम आधीची जीप पकडते.

रमिला शाळेत काय करते हे कोणत्याही हुद्द्यात बसत नाही. वसतिगृहात नव्याने आलेल्या लहान मुली संध्याकाळ झाली की रडायला लागतात, त्यांच्याशी ती त्यांच्या वारली बोलीत बोलते आणि दोन दिवसांत त्यांना भांडायला शिकवते. “रडणारीला सगळे गप करतात, भांडणारीला जेवायला वाढतात,” असं तिचं मत. मुलींच्या डोक्यातल्या उवा काढते, नखं कापते. मुलींना टपावर बसवणाऱ्या जीपवाल्यांना ती रस्त्यात आडवी उभी राहून थांबवते आणि मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत त्यांच्या आईबापांची चौकशी करते. कुठल्या पाड्यावरची मुलगी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी टेकडी चढून तिच्या दारात जाऊन बसते. काही बोलत नाही, नुसती बसते. शेवटी घरचेच वैतागून मुलीला दप्तर देतात.

पगार ती घेत नाही. दुपारनंतर चिकूच्या वाडीत फळं निवडायला जाते, नवरा गुजरातच्या हद्दीत कारखान्यात आहे, थोडं भातशेत आहे, त्यावर घर चालतं. सिस्टरांनी तिला कामावर घ्यायचं म्हटलं होतं. तिने साफ नाकारलं. “पगार घेतला तर मी कामवाली. कामवाली रांगेत कशी उभी राहील?”

रांगेचं हे काय आहे, ते मला तिने एका दुपारी सांगितलं. मी फाटक्या पुस्तकांना डिंक लावत होते, ती वर दगड ठेवत होती.

“नववीत होती मी. आवणीला घरी गेली. बा पडून होता, आई एकटी. रोप थांबत नाय टीचर. उंच झालं की उपटून खाचरात लावायलाच लागतं, नायतर म्हातारं होतं, मग त्याला काय दाणा धरत नाय. आवणी उरकली, मी परत आली. हजेरी झाली. माझ्या आधीच्या पोरीचं नाव आलं. माझ्या नंतरच्या पोरीचं आलं. मधलं आलंच नाय.”

“मग तू काय केलंस?”

“‘हजर’ बोलली. नाव घेतलं नाय तरी बोलली. सगळ्या पोरी हसल्या. तेव्हाच्या टीचर बोलल्या, तुझं नाव कापलंय, घरी जा.” तिने पुस्तकावर दगड जरा जोरातच ठेवला. “नाव कापलं. मला कुठं कापलं?”

लग्न झाल्यावर, कडेवर मूल घेऊन ती एका सकाळी परत शाळेत आली. तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टर ग्रेस आता हयात नाहीत. त्यांनी विचारलं, काय हवंय? दाखला? मदत? रमिला म्हणाली, “रांगेत उभं राहायचंय.” सिस्टर ग्रेसनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, “मग शेवटी उभी राहा. उंच मुली शेवटी असतात.” रमिला माझ्या खांद्याला लागते. पण त्या दिवसापासून ती शेवटी उभी आहे.

तुम्ही विचाराल, ती ख्रिस्ती आहे का? नाही. तिच्या अंगणात तुळस आहे, पाड्याच्या वेशीवरच्या वाघोबाला ती नारळ देते, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा तिने कधी चुकवलेली नाही. आणि शाळेच्या प्रार्थनेतलं गाणंही तिला सगळं पाठ आहे. बाजारात एका माणसाने तिला टोमणा मारला, “काय गं, सिस्टरांनी तुला बाटवली वाटतं?” मी शेजारीच कांदे घेत होते. रमिला म्हणाली, “देव माझ्याकडं आधीच होता, भाऊ. शाळेनं मला रांग दिली. तू आयुष्यात कधी रांगेत उभा राहिलायस? बघ, आत्ता पन मधी घुसलायस.” तो खरंच मध्ये घुसला होता.

आता कौलांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शाळेची जुनी इमारत कौलारू आहे. जत्रा उठली की दर वर्षी रमिला तिच्या पाड्यातल्या बायकांना घेऊन येते आणि पावसाच्या आधी त्या सगळी कौलं परततात. एक शिडीवर, बाकीच्या खाली ओळीने. कौल हातोहात वर जातं, फुटकं खाली येतं. सोबत गाणी, चेष्टा, एकमेकींच्या सासवांच्या नकला. गटारं उपसतात, वसतिगृहाच्या चुलीसाठी लाकूड रचून ठेवतात. सिस्टर त्यांना चहा-बिस्किटं देतात, हात जोडून “थँक्यू, थँक्यू” म्हणतात, आणि वार्षिक अहवालात पालकांच्या सेवाभावाबद्दल एक वाक्य येतं. मी तो अहवाल बरीच वर्षं तपासून दिला आहे. ते वाक्य मला फार आवडायचं.

सिस्टर ग्रेसनंतर काही वर्षांनी सिस्टर लीना आल्या. मंगळूरकडच्या, वयाने लहान, टापटिपीच्या. मला त्या पहिल्या दिवशीच आवडल्या. त्यांच्या टेबलावर पेनं उंचीप्रमाणे लावलेली असत. शाळेचं नाव झालं होतं. डहाणू-तलासरीतले पालक प्रवेशासाठी फाटकाशी उभे राहत, आणि जुलैत मात्र निम्मे बाक रिकामे, कारण मुली आवणीला घरी. सिस्टर लीनांनी गेल्या जूनमध्ये फळ्यावर सूचना लावली: जी मुलगी जुलैत सलग दोन आठवडे गैरहजर राहील, तिचं नाव पटावरून कमी होईल. त्यांची बाजूही खोटी नव्हती. “टीचर, एक मुलगी बाक अडवते आणि येत नाही. दुसरी यायला तयार आहे आणि तिला बाक नाही. मी काय करू?”

रमिला त्या फळ्यासमोर बराच वेळ उभी होती. मग तिने मला विचारलं, “मनीषा कितवीत गेली, टीचर?”

“नववीत.”

“हं,” ती म्हणाली.

मनीषा तिच्याच पाड्यातली. बाप नाही, आई एकटी. पहिलीत असताना ओढ्याला पाणी आलं की रमिला तिला खांद्यावर बसवून आणायची. गणितात हुशार, बोलण्यात रमिलाची चेली. तिच्या आईच्या शेताला मनीषाच्या हातांशिवाय दुसरे हात नव्हते.

जूनच्या अखेरीला शाळेचा सण, म्हणजे तिच्या संताचा दिवस, असतो. सिस्टर लीनांनी ठरवलं की या वेळी रमिलाचा सत्कार करायचा. मनापासून ठरवलं होतं, हे मी सांगते. मानपत्र मी लिहिलं. ‘निःस्वार्थ सेवेची मूर्ती’ हे शब्द माझे. मुंबईहून एक विश्वस्त आले होते. सगळी शाळा, पाड्यावरच्या बायका, पालक, असा हॉल भरला होता. रमिला खुर्चीवर बसायला तयार नव्हती. तिला दोघींनी दंडाला धरून बसवलं. शाल दिली, श्रीफळ दिलं, मी मानपत्र वाचलं, टाळ्या झाल्या. मग विश्वस्त म्हणाले, दोन शब्द बोला.

रमिलाने माईक तोंडापासून लांब धरला. तिला त्याची गरज नाही.

“सगळ्यांना नमस्कार. मी भाषण शिकली नाय, ओरडायला शिकली,” असं म्हणाल्यावर मुली हसल्या. “ह्या टीचरनी लिवलंय, मी निःस्वार्थ. टीचर, राग नका धरू, खोटं हाय ते. माझा स्वार्थ हाय.”

तिने माईक टेबलावर ठेवून दिला.

“दर वर्षी आमच्या बाया येतात, कौलं परततात. तुमी चहा देता, थँक्यू देता. आमच्याकडं थँक्यू नाय. आमच्याकडं तुझ्या कामाला मी आली, तर माझ्या कामाला तू येतेस. आज तिची आवणी, उद्या माझी. कोणाला बोलवायला लागत नाय. इतकी वर्षं आम्ही शाळेच्या कामाला येतो. शाळा आमच्या कामाला कधी आली?”

बायकांमध्ये चुळबूळ झाली. कोणीतरी दबक्या आवाजात “रमिले, बस खाली” म्हटलं.

“आमची म्हातारी बोलते, शाळेतली माणसं गोड, पन त्यांना रीत नाय. मी बोलते, त्यांना कोणी सांगितलं नसंल. म्हणून आज सांगते. फळ्यावर लिवलंय, आवणीला गेल्या तर नावं कापनार. पोरी शाळेत येतील, सिस्टर. एक पन घरी राहनार नाय. शेतात पोरींच्या जागी तुमी या.”

सिस्टर लीना उठून हळू आवाजात म्हणाल्या, “रमिला, हे आपण ऑफिसात बोलू या.”

“ऑफिसात माझं नाव कापलं, सिस्टर. म्हणून हितं बोलते.”

मग तिने शाल खांद्यावरून काढली, नीट चौघडी केली, आणि टेबलावर ठेवली. “ही राहू द्या. घाम आलेल्या माणसाला शाल कशाला? नारळ नेते. नारळाशी माझं भांडण नाय.”

विश्वस्तांनी घड्याळ बघितलं. मुलींना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण टीचरांकडे बघून त्यांनी हात मांडीवर ठेवले. फक्त मनीषाने एकदाच वाजवली, आणि ती एकटी टाळी फार मोठी वाटली.

त्या संध्याकाळी सिस्टर लीनांनी मला बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. “तिने मला आधी एकटीला सांगितलं असतं तर, टीचर?”

“तुम्ही हो म्हणाला असता?”

त्यांनी पेनं सरळ केली. ती सरळच होती. “नाही,” त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. “पण पाहुण्यांसमोर शाळेचा अपमान झाला. शिस्त सगळ्यांना सारखी. ती माफी मागेपर्यंत तिने रांगेत उभं राहू नये.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला दहावीच्या रांगेचा शेवट मोकळा होता. मी सहज फाटकाकडे बघितलं. रमिला फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, दहावीच्या रांगेच्या बरोब्बर सरळ रेषेत उभी होती. “हात पुढे!” झालं, तिने हात पुढे केले. एक टेम्पो भोंगा वाजवत गेला, तिच्या साडीवर पाणी उडालं, ती हलली नाही. राष्ट्रगीत नेहमीच्याच आवाजात फाटकाबाहेरून आलं. पी.टी.च्या टीचरनी माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे बघितलं. असं रोज चाललं.

शेवटी मीच तिच्या पाड्यावर गेले. तिने माफी मागावी, प्रकरण मिटवावं, असं सांगायला. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. ओट्यावर तिची सासू बसली होती, म्हातारी, आवाजाने धडधाकट. मी बसायच्या आतच तिने सुनेवरचा राग माझ्यासमोर ओतला.

“हात मागितले हिनं! भर माणसांत! भिकारणीनं पन मागितले नसते. हात काय मागायचे असतात? ज्याला कळतं तो येतो. ज्याला कळत नाय त्याचं नाव सोडून द्यायचं.”

“सोडून दिलं असतं आई,” रमिला आतून चुलीजवळून म्हणाली, “पन नाव पोरीचं जातंय.”

“मग जाऊ दे! आमची नावं कुठं होती शाळेत? मेलो काय आम्ही?”

“तू नाय मेली. पन तू मला शाळेबद्दल इचारतेस ना रोज, आज काय झालं, कोन आलं? मनीषाला पन असंच कोणाला तरी इचारत बसायचं काय?”

म्हातारीने चुलीकडे पाठ केली. मग तिने मोहरा माझ्याकडे वळवला. “तू पन त्यांच्यातलीच? हात बघू.” मी हात पुढे केला. तिने माझ्या बोटांवरची शाई अंगठ्याने घासली. “बरी हाय. धुतली की जाते,” ती म्हणाली आणि मला चहा दिला.

तेव्हा मला कळलं की रमिला एकटी शाळेशी भांडत नव्हती. न मागण्याची पाड्याची रीतही तिने मोडली होती, आणि बायका तिच्याशी धड बोलत नव्हत्या. मी जुळवलेली वाक्यं तशीच परत घेऊन उठले. निघताना ती एवढंच म्हणाली, “माफी नाय मागनार, टीचर. मी शिवी दिली असती तर मागितली असती. मी बोलावनं दिलं.”

आवणी लागली. पहिल्या सोमवारी नववीच्या हजेरीत मनीषाचं नाव आलं आणि उत्तर आलं नाही. मंगळवारीही नाही. रमिला स्वतःचं शेत तसंच ठेवून मनीषाच्या आईच्या शेतात उतरली होती, पण दोन बायकांनी ती आवणी उरकणार नव्हती, आणि रमिलाचं रोपही म्हातारं होऊ लागलं होतं. दुसरा आठवडा लागला. सिस्टर लीना रोज वर्गाबाहेर थांबून हजेरी ऐकत आणि निघून जात.

त्या बुधवारी मी त्यांच्या ऑफिसात गेले. “सिस्टर, उद्या मी येणार नाही. आवणीला जाते.”

“टीचर! तुमचा गुडघा!”

“गुडघा माझा आहे. त्याच्यासाठी तुमच्या फळ्यावर नियम नाही.”

मी असं कोणाशी बोलत नाही, हे तुमच्या बाबांना विचारा. बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी छत्री, काठी आणि थर्मास घेऊन मी बांधावर पोचले. चिखलात वाकलेल्या होत्या तिघी: रमिला, मनीषाची आई आणि मनीषा. डोक्यावरून प्लास्टिकची इरली. रमिलाने मान वर केली, मला नीट पाहून घेतलं, आणि म्हणाली, “उशीर झाला, टीचर.”

तिने बांधावर पाटी उपडी घातली, मला तिच्यावर बसवलं, उपटलेल्या रोपांचा ढीग पुढ्यात ओतला आणि जुड्या बांधायला शिकवलं. माझ्या पहिल्या जुड्या लेबल लावण्याइतक्या सुबक झाल्या आणि तेवढ्याच संथ. “टीचर, चिखल वाट बघतोय,” ती ओरडली. मी म्हटलं, बसून काम करणारीचे हात धरतात का तुमच्यात? “बसलेले हात पन हात,” ती म्हणाली. मग मनीषाकडे वळली. “तुझ्या जागी टीचर आली. पळ.” मनीषा ओढ्यावर पाय धुवून, अंगात गणवेश चढवून, ओल्या केसांनी पळत गेली. त्या दिवशी नववीच्या हजेरीला ती ओरडून “हजर” म्हणाली, असं मला नंतर पी.टी.च्या टीचरनी सांगितलं.

शनिवारी शाळेची गाडी पाड्याखाली येऊन थांबली. आधी पी.टी.च्या टीचर उतरल्या, मग मराठीच्या, मग स्वयंपाकघरातल्या दोघी, आणि शेवटी सिस्टर लीना. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात छत्री, चेहरा सूचना वाचतानाचा. शाळा बंद नव्हती. दहावीच्या मुली खालचे वर्ग सांभाळत होत्या; त्याचं वेळापत्रक शुक्रवारी सिस्टरांनी माझ्याकडून आखून घेतलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

बांधावर येऊन त्या रमिलासमोर थांबल्या. दोघींपैकी कोणीही नमस्कार केला नाही.

“कुठे उभी राहू?” सिस्टरांनी विचारलं.

रमिलाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. सिस्टर लीना तिच्याहूनही बुटक्या आहेत.

“शेवटी,” ती म्हणाली. “उंच माणसं शेवटी.”

आवणीही रांगेनेच होते. सगळ्यांनी वाकून, मागे मागे सरकत जायचं. सिस्टरांची रोपं तिरकी लागत होती, काही तरंगून वर येत होती. रमिलाने त्यांची अख्खी ओळ उपटली आणि पुन्हा लावायला लावली. “सिस्टर, हे काय प्रार्थनेला डुलक्या घेणाऱ्या पोरींसारखं? सरळ!” बायका इतक्या हसल्या की एकीचा तोल जाऊन ती चिखलात बसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी ओळ पुन्हा लावली, आणि ती सरळ आली. दुपारपर्यंत पाड्यातल्या बाकीच्या बायकाही एकेक करत खाचरात उतरल्या. मनीषाच्या आईचं उरकलं आणि सगळी रांग रमिलाच्या शेतात गेली. म्हातारी सासू काठी टेकत बांधापर्यंत आली. ती काही तरी बोलेल म्हणून सगळ्या थांबल्या. तिने सिस्टरांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, “नखांतला चिखल काढ नीट. राहिला तर दुखतं.” आणि त्यांना स्वतःच्या हाताने भाकर आणि सुकट वाढली.

सोमवारी रमिला फाटकाच्या आत, दहावीच्या रांगेच्या शेवटी उभी होती. तिने माफी मागितली नाही. सिस्टरांनी तो विषय काढलाही नाही. फळ्यावरची सूचना त्यांनी काढली नाही, ती आजही तिथे आहे. “नियम नियम आहे, टीचर,” त्या मला म्हणाल्या. त्या जुलैत शाळेतल्या मोठ्या माणसांच्या आवणीला जायच्या पाळ्या लागल्या, कधी या पाड्यावर, कधी त्या, आणि एकाही मुलीचं नाव कापायची वेळ आली नाही. शाल ऑफिसच्या कपाटात चौघडी करून ठेवलेली आहे. ती परत द्यायची कोणाची हिंमत नाही आणि मागायची रमिलाला गरज नाही. मनीषा आता दहावीत गेली. प्रार्थनेला रमिलाच्या बरोब्बर पुढे उभी राहते आणि तिचे पुढे केलेले हात आपल्या खांद्याला लागतात अशी रोज तक्रार करते.

आता तुमच्या तिकिटाचं.

या मे महिन्यात बायकांनी शाळेची कौलं परतली. त्यानंतरच्या सकाळी मी डहाणूच्या घरी चहा करत होते, तर डोक्यावर खडखडाट. बाहेर येऊन बघते तर रमिला माझ्या छपरावर, मनीषाची आई शिडीवर, बाकीच्या खाली ओळीने. मी कोणाला बोलावलं नव्हतं. गेल्या पावसात स्वयंपाकघरात गळत होतं हे मी कधीतरी, बांधावर बसून जुड्या बांधताना, बोलले असेन. तुमच्या आजोबांनंतर त्या छपराला कोणी हात लावलेला नव्हता. दुपारपर्यंत त्यांनी सगळं परतलं, पन्हळीतली पानं काढली, आणि रमिलाने वरूनच ओरडून माझ्या डब्यांवरच्या लेबलांची चेष्टा केली. जाताना मी चहा दिला. “थँक्यू” म्हणायला तोंड उघडलं, आणि रमिलाने माझ्याकडे असं बघितलं की तो शब्द मी चहाबरोबर गिळला.

तेव्हा बाळांनो, मी नोव्हेंबरात येईन, भात घरात आल्यावर. तुमच्याकडे बर्फ असेल, असू दे. ईशानने माझ्यासाठी जाड मोजे शोधून ठेवावेत आणि ताराने तोवर पाढे पाठ करावेत, मी विचारणार आहे. बाबांना सांगा, डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल जे सांगितलं ते मी ऐकलेलं आहे. जुड्या बसून बांधतात.

जुलैत मला कोणी बोलवायला येणार नाही. मी मात्र या वेळी पहिल्याच दिवशी जाणार आहे, आणि आधीच्या जीपने.